महायाजकाच्या झग्याचं घुंगरू

महायाजकाचा निळा झगा रोमच्या कुलपात असे. आपल्या देवाच्या सेवेचं वस्त्र, आणि सण आला की ते परक्याच्या किल्ल्यातून मागून आणायचं! यरुशलेममध्ये हे सलत नव्हतं असं एकही घर नव्हतं. हानामेल मात्र त्या दिवसाची वर्षभर वाट पाहायचा. झग्याची आणि त्याच्या घेराला लावलेल्या सोन्याच्या घुंगरांची डागडुजी त्याच्याकडे होती. आधी बापाकडे, त्याआधी आज्याकडे. चाळीस वर्षं झाली तरी त्या कापडाला तो सहज हात लावायचा नाही. एकदा हात धुणं पुरे असताना तो तीनदा धुवायचा.

"अहो, सालडी निघतील हाताची," बायको शेलामीत म्हणायची. "माझा हात धरताना कधी एवढे धुतले नाहीत ते!"

"तू ओढणीला सोन्याची घुंगरं लाव, मग धुतो."

दोन वर्षांपासून त्याचा उजवा हात थरथरत होता. हे त्याने शेलामीतलाही सांगितलं नव्हतं. कळलं तर सुई जाणार, घराण्याचं काम जाणार. मागच्या सणाला झगा परत पेटीत ठेवण्याआधी त्याने दार लावून, एकट्याने घुंगरांच्या गाठी मारल्या होत्या.

मोठ्या उपवासाला, वर्षाच्या प्रायश्चित्ताच्या सणाला, सात दिवस उरले, तेव्हा किल्ल्याच्या दारात पेटी आली. पायऱ्यांखाली माणूस मावत नव्हता. देवळाचा खजिनदार अमर्या याने पेटीवरची आपली मोहोर तपासली. शाबूत होती. झाकण उघडलं, झगा वर उचलला, आणि हानामेल रिवाजाप्रमाणे घेर तपासू लागला. एक घुंगरू, एक लोकरीचं डाळिंब, एक घुंगरू, एक डाळिंब. मग एका जागी दोन डाळिंबं शेजारी शेजारी.

अमर्याने ते पाहिलं. या माणसाच्या जिभेला हाड कधी नव्हतंच. तो गरजला, "चोरलं! रोमी कुत्र्यांनी देवाचं घुंगरू कापून नेलं!"

झालं! खाली हाताहातांत दगड आले. शिपायांनी ढाली पुढे केल्या. दोन वर्षांपूर्वी एका शिपायाच्या शिवीवरून अशीच दंगल पेटली होती, आणि तिच्यात शेलामीतचा धाकटा भाऊ चेंगरून मेला होता.

हानामेलने घेर डोळ्यांजवळ नेला. धागा कापलेला नव्हता. टोक अख्खं होतं, गाठीच्या जागी नुसतं मुरडलेलं. गाठ सुटली होती, आणि ती त्याचीच होती. गप्प बसला असता तर सुई राहिली असती.

"थांबा!" तो ओरडला. "कुणी कापलं नाही. गाठ माझी होती, ती सुटली."

"विकला गेलाय हा!" गर्दीतून आवाज आला. "किल्लेदाराने काय चारलं रे तुला?"

हानामेल पायरीच्या कडेला आला. त्याने उजवा हात वर धरला. हात थरथरत होता. साऱ्या शहरासमोर त्याने तो स्थिर करून पाहिला, जमलं नाही. पुढच्या लोकांनी पाहिलं, मागच्यांना सांगितलं.

"दोन वर्षं लपवलं मी," तो म्हणाला. "मोहोर आपली आहे, शाबूत आहे. खजिनदार, पेटीत बघा."

अमर्या नाइलाजाने वाकला, अस्तर चाचपू लागला. आणि आत घुंगरू वाजलं.

केवढासा तो आवाज! पण हजारो माणसं आणि चिलखतातले शिपाई असलेल्या त्या जागेत तो प्रत्येकाला ऐकू आला. कुणी दगड खाली ठेवला, मग दुसऱ्याने. हातात भाला धरलेला एक रोमी पोरगाही डोळे मोठे करून ऐकत राहिला. एवढ्याशा सोन्यापुढे दगड आणि भाले दोन्ही गप्प झाले होते.

संध्याकाळी अमर्याने सुई मागून घेतली. घुंगरू अमर्याच्या पुतण्याने शिवलं.

उपवासाच्या दिवशी हानामेल पहिल्यांदाच गर्दीत उभा राहिला. इतकी वर्षं तो देवळाच्या आतल्या खोलीत महायाजकाची बदलायची वस्त्रं घेऊन बसलेला असायचा. महायाजक अंगणात आला, झगा हलला, आणि सगळी घुंगरं एकदम वाजली. एवढी गर्दी, पण श्वासाचाही आवाज नव्हता. हानामेल हमसून रडला.

घरी शेलामीतने त्याचे लाल डोळे पाहिले. "सुई गेली म्हणून रडलात ना?"

"नाही गं," तो म्हणाला. "चाळीस वर्षं मी गाठीच बघत बसलो. देवाचा झगा आज पाहिला."