बांधातला माझा तुकडा

दिवाळी झाली की आमच्या गावाच्या ओढ्यावर मातीचा बांध घालायचे. पावसाळ्यात ओढा तो वाहून न्यायचा, हिवाळ्यात गाव तो पुन्हा घालायचं. घरटी एक गडी बांधावर, आणि ज्याचा गडी बांधावर त्याच्याच रानाला पाण्याची पाळी. कोल्हापूर संस्थान विलीन झालं होतं, पण पाटलांचा हा नियम होता तिथंच होता. माझा नवरा त्या उन्हाळ्यात वारला. घरात गडी उरला नाही. रानात दीड एकर ऊस मात्र उभा होता.

मी पाटी-खोरं घेऊन बांधावर गेले. पाटील म्हणाले, "ह्ये बाईमाणसाचं काम न्हाय. घरला जा."

"ऊसबी बाईमाणसाचाच हाय. त्यो वाळू द्यायचा काय?"

सगळे हसले आणि थट्टेनं मला मधला तुकडा दिला, जिथं पाण्याचा जोर सगळ्यात जास्त. तो राग अजून माझ्या पोटात आहे.

गडी कोरडी ढेकळं टाकून वर माती लोटत होते. माझा जन्म चुली घालण्यात आणि भिंती लिंपण्यात गेलेला. ढेकळं पाणी धरत नाहीत हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी माती भिजवली, पायानं तुडवली, थरावर थर दिला. "चूल घालतीया जनू," म्हणून गडी खिदळायचे. मी तुडवतच राहिले.

पाणी अडलं आणि आठ दिवसांत बांध जागोजागी पाझरायला लागला. माझ्या तुकड्याखाली तेवढं कोरडं होतं. पाटील माझ्या दारात आले.

"वैनी, माती कशी तुडवायची त्ये गड्यास्नी दावा की."

मी उंबऱ्यातून हलले नाही. "दावतो की. पर आदी समद्यांदेखत माझी पान्याची पाळी सांगा."

बांध फुटला असता तर माझाही ऊस गेला असता. पण एकदा मान खाली घातली की ती जन्मभर तशीच राहते, हे मला ठाऊक होतं.

बांधावर जाऊन पाटलांनी पाळी पुकारली, ती माझ्या नवऱ्याच्या नावानं.

"त्यो मानूस गेला," मी म्हणाले. "बांध म्या घातलाय. माझं नाव घ्या."

पाटलांनी इकडंतिकडं पाहिलं. पायाखालून पाणी झिरपत होतं. शेवटी त्यांनी माझं नाव घेतलं.

मी कासोटा घट्ट खोचला आणि गड्यांना म्हणाले, "ढेकळं काढा."