सातबारा किती खोल?

आमच्या बार्शीटाकळीकडच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात एवढ्या भेगा पडतात की लहानपणी माझी एक चप्पल त्यात गेली ती गेलीच. जमिनीसोबत घरंही उकलतात. भिंतींना चिरा पडतात, आणि पाऊस लागला की सगळं पुन्हा मिटतं. त्यामुळे भिंतीची चीर बघून घाबरणं हे आमच्याकडे पाहुण्यांचं काम. भूकंप म्हणजे कोयना, नाहीतर किल्लारी. आमच्या वाट्याला ऊन आलंय, तेवढं पुरे होतं.

एका उन्हाळ्यातल्या दुपारी मी अमरावतीहून बाबांना भेटायला गावी गेले होते. आई गेल्यापासून ते तिथे एकटेच राहत. पुढच्या खोलीत कापूस भरलेला, म्हणून आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत बसलो होतो. आधी खालून घरघर आली. मग छताची टिनं वाजली, फळीवरची भांडी वाजली आणि माझ्या बशीतला चहा आपोआप हिंदकळून सांडला. बाबा ताडकन उठून ओरडले, "कोनं ट्रॅक्टर ठोकला बे भिंतीले?"

भांडायच्या तयारीनं ते बाहेर गेले, मागोमाग मी. बघते तर अख्खी गल्लीच भांडायला बाहेर आलेली! जो तो शेजाऱ्यावर हात नाचवत होता, पण ट्रॅक्टर कुठेच नव्हता. मग हळूहळू सगळे गप्प झाले आणि पायाखाली बघू लागले. मीही बघितलं. नेहमीचीच माती, नेहमीचंच शेण. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. भीती होतीच, पण भीतीहून मोठं काहीतरी वाटलं. शेतं, घरं, म्हशी, माणसं, सगळ्यांना खालून कुणीतरी जरासं हलवून ठेवलं होतं आणि आम्ही ट्रॅक्टरवाल्याला शोधत होतो.

मोबाईलवर बातमी आली: भूकंप, सौम्य. आत येऊन बघितलं तर बाबांच्या पलंगामागची भिंत चिरलेली.

"बाबा, तुमी आता माझ्याकडं चला."

"काहून? हे आपल्या जमिनीचं काम हाये. पाऊस आला का बुजते."

"अन् नाई बुजली तं?"

"तं येतो तुह्याकडं."

बाबा शब्दाचे पक्के. बापाच्या घराची भिंत फुटकीच राहावी म्हणून पावसाची वाट बघणारी लेक वऱ्हाडात मी एकटीच असेन. त्या उन्हाळ्यात मी भूकंपाबद्दल थोडंफार वाचलं. सातपुड्याच्या पायथ्याला जमिनीत फार जुना तडा आहे म्हणे. डोंगराची बाजू वर गेली, आमची सपाट बाजू खाली बसली. परतवाड्याहून तो डोंगर किती वेळा बघितला असेन, चिखलदऱ्याला जाताना त्यावर भजी खाल्ली असतील! पण आपण बसलेल्या बाजूचे, हे कधी सुचलंच नव्हतं.

पाऊस आला, लागून राहिला. मी पुन्हा गावी गेले. शेतातल्या भेगा मिटल्या, घरातल्या बाकी चिराही मिटल्या. पलंगामागची तेवढी तशीच राहिली. बाबांनी तिच्यात बोटं घालून पाहिली आणि बराच वेळ काढलीच नाहीत.

"हे आपल्या जमिनीचं नाई. खालचं हाये," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "सातबारा आपल्या नावानं हाये, बाई. पन थो कितीक खोल हाये?"

मी हसले, आणि मग हसू आपोआप थांबलं.

दिलेल्या शब्दाप्रमाणे एक पिशवी घेऊन ते अमरावतीला आले. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "इथं खाली काय हाये?"

"पार्किंग."

"त्याच्याखाली?"

"मातीच. आपल्यासारखी."

"अन् त्याच्याखाली?"

मी त्यांना खोली दाखवायला नेलं. त्यांच्यासाठी मी नवी चादर घालून पलंग तयार ठेवला होता. पलंगाच्या वरच माळ्यावर शिलाई मशीन, पाण्याचे पितळी गुंड आणि रद्दीचे गठ्ठे ठासून भरले होते. त्यांनी वर बघितलं, मग मीही बघितलं. त्यांनी पलंग खोलीच्या मधोमध ओढला.

मी धावत आतल्या खोलीत गेले. माझी मुलगी लोखंडी कपाटाला डोकं लावून दुपारची झोपली होती. कपाटावर तीन बॅगा होत्या. मी बाबांना हाक मारली, आणि ती जागी व्हायच्या आत आम्ही दोघांनी तिचा पलंगही ओढला.