शेवटचा परिच्छेद

वडगाव मावळला झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत मी फ्रेंच शिकवते. लोणावळ्याहून येते, आणि दारात चपलांचा पसारा दिसला की जिन्यातूनच माझी सुरुवात होते. डोकं तापट आहे माझं. ते सगळ्यात जास्त तापतं निबंध तपासताना.

फ्रेंचच्या वरच्या पातळीच्या परीक्षेत वादाच्या विषयावर निबंध असतो. एक बाजू मांडायची, मग दुसरी, आणि शेवटच्या परिच्छेदात आपलं मत सांगून मोकळं व्हायचं. मी विषय दिला, शनिवार-रविवारी लोणावळ्यात बाहेरच्या गाड्या येऊ द्याव्यात का. झालं! सगळा वर्ग पर्यटकांवर तुटून पडला. ट्रॅफिक, कचरा, धिंगाणा. मी लोणावळ्याची, म्हणजे बाई खूश होतील असंही त्यांना वाटलं असावं.

"अरे, ज्याचं पोट त्या गाड्यांवर आहे, त्याने काय करायचं?" मी ओरडले. "त्याचं म्हणणं असं लिहा की वाचून तो म्हणाला पाहिजे, हो, मला हेच सांगायचं होतं. मग तुमचं 'पण' येऊ द्या."

एकीलाच ते जमलं होतं. सुदुंबऱ्याची मुलगी, घरी शेती. फ्रान्समधल्या एका कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता, फक्त ही परीक्षा पास व्हायची होती. तिने भजीवाल्याची बाजू मांडली होती आणि गर्दीत रुग्णवाहिका अडकलेल्या घराचीही. फ्रेंचमध्ये 'सेर्त' म्हणतात, म्हणजे 'हे खरंच आहे'. त्या एका शब्दावर ती समोरच्याचं असं काही मनापासून कबूल करायची की वा! आणि शेवटी काय लिहावं बाईसाहेबांनी? दोन्ही बाजू बरोबर आहेत, निर्णय मोठी माणसं घेतील.

"परीक्षक काय तुझ्या आजोबांना फोन लावणार आहेत का गं?"

वर्ग हसला. ती हसली नाही. "आमच्याकडे असंच असतं बाई," म्हणाली. घरात काही ठरवायचं असलं की सगळे ओसरीवर बसतात. बायकाही बोलतात. आधी समोरच्याला 'व्हय, तुमचं खरं हाय' म्हणायचं, मग आपलं सांगायचं. शेवटचा शब्द आजोबांचा, म्हणजे आबांचा. तो शब्द पडला की मग चहा टाकायचा. त्याआधी पाहुणा आला तरी चहा नाही. बाईसाहेबांनी अख्खा निबंध घरच्या रिवाजाने लिहिला होता, चहा तेवढा राहिला होता.

पुढचे निबंधही तसेच. मी लाल पेनाने विचारायची, मत कुठे आहे? "तिथवर आलं की हातच थांबतो बाई," ती म्हणायची. मला तिची दया यायची आणि रागही यायचा.

परीक्षा जवळ आली तशी ती म्हणाली, "रविवारी माझ्याच जाण्याचं बोलणं आहे. आबांना पसंत नाही. तुम्ही याल?" मी गेले, चांगली भांडायच्या तयारीने गेले.

ओसरीवर आबा, तिचे वडील आणि काका बसले होते. आई स्वयंपाकघराच्या दारात. "बसा बाई," आबा म्हणाले, "बोलनं झालं की चहा घिऊ." काका म्हणाले, जाऊ द्या पोरीला. मग आबा बोलले, "परक्या मुलखात एकटी पोरगी. आजारी पडली तर तितं कोन हाय तिचं? आमी हितनं कुटं धावनार?"

मी तोंड उघडलं. तिने शेजारून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि स्वतःच सुरू झाली.

"व्हय आबा, तुमचं खरं हाय. तितं माजं कुनी न्हाई. आन् तुमी बोलत न्हाई, पन तुमास्नी आजून एक भ्या वाटतंय. मी परत येईस्तवर तुमी आसाल का न्हाई, त्याचं. मलाबी त्याचंच भ्या वाटतंय."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग तिने आपली बाजू सांगितली. काय शिकायचंय, ते इथे का मिळत नाही, इथेच थांबली तर काय होईल. सगळं नीट सांगितलं. आणि थांबली. नेमकी तिथेच, जिथे निबंधात थांबायची! सवयीने सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. मला तर वाटत होतं, हिचा शेवटचा परिच्छेद आता आपणच ओरडून सांगावा. कसाबसा धीर धरला.

आबांनी तिच्याकडेच पाहिलं. म्हणाले, "मंग?"

"मंग काय आबा?"

"माजं सांगितलंस, तुजंबी सांगितलंस. जे मी बोललो न्हवतो, तेबी सांगितलंस. आता तुजं ठरलंय काय?"

तिने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मी जानार, आबा."

जाऊ का, असं तिने विचारलं नाही. माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायचंही मला सुचलं नाही.

आबांनी टोपी परत डोक्यावर घातली, ती नीट बसवायला बराच वेळ घेतला, आणि आत तोंड करून म्हणाले, "ऐकलं न्हवं? चहा टाका."