बोलणाऱ्याला पन्नास, गप्प असणाऱ्याला दहा

पांढुर्णा जिल्हा झाला आणि माझी सौंसरहून तिथे बदली झाली. अंतर फार नाही. बसने रोज जाऊन-येऊन करणारे पुष्कळ आहेत. मीही केलं असतं, पण आई त्याच्या आदल्या उन्हाळ्यात गेली होती आणि संध्याकाळी सौंसरच्या घराचं कुलूप उघडणं मला नकोसं झालं होतं. म्हणून स्टेशनच्या बाजूला एक खोली भाड्याने घेतली. लग्न मी केलं नाही. बहीण भोपाळला, तिच्या संसारात. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच मी एकटी राहायला लागले.

गॅसचं कनेक्शन लवकर मिळेना, तोवर रात्रीचं जेवण बाजाराच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात करू लागले. पहिल्या दिवशी काउंटरवरचे मालक म्हणाले, "मॅडम, तुम्ही मागे फॅमिली रूममध्ये बसा." मी वळून मागे पाहिलं, जणू माझ्याबरोबर कोणी आलं असावं. मागच्या खोलीत प्लायवूडचे कप्पे केले होते आणि प्रत्येक कप्प्याला पडदा होता. शेजारच्या कप्प्यात कोणाचं तरी लेकरू भातासाठी रडायचं, कोणी नवराबायको हळू आवाजात भांडायचे. मी चार जणांच्या टेबलावर एकटी जेवायचे. पुढे गॅस आला, तरी हॉटेल सुटलं नाही.

फॅमिली रूम दोन वेटर सांभाळायचे, दोघंही चाळिशीच्या पुढचे. एक तिगावचा. उंच, सडसडीत, तोंडातून शब्द न काढणारा. पण काम असं की नाव ठेवायला जागा नाही. मी बसायच्या आधी टेबल कोरडं पुसलेलं, पंख्याचं बटण दाबलेलं. एक रोटी संपत आली की दुसरी गरम यायची, हाक मारावी लागायची नाही. मला तिखट सोसत नाही हे एकदा सांगितलं होतं, पुन्हा कधी सांगावं लागलं नाही.

दुसरा सौंसरकडच्या रामाकोना गावचा. त्याच्या हातून सरळ काही व्हायचं नाही. दाल फ्राय मागावी तर शेवभाजी यायची. पाणी मागितलं की कांदा यायचा, आणि रोटी येईपर्यंत भाजी निवून जायची. एकदा त्याने माझ्या साडीवर ताक सांडलं आणि पुसायला म्हणून तेच ओलं फडकं पुढे केलं. पण तो यायचा तोच बोलत.

"ताई, काल दिसल्या नाही! तब्येत तं बरी हाय ना?"

किंवा, "आज लय थकल्यासारख्या दिसून राहिल्या. साहेबानं काम जास्त देल्लं का?"

आईनंतर हे मला कोणी विचारलं नव्हतं. ऑफिसात सगळे भले आहेत, पण ते फायलींचं विचारतात. बहीण आठवड्यातून एकदा फोन करते आणि तेव्हा तिचा कुकर शिट्ट्या देत असतो. मी त्या वेटरला साहेबांचं सांगायचे, घरमालकिणीचं सांगायचे, बहीण दिवाळीत येणार आहे असंही सांगून टाकलं. तो "हो का, हो का" करत ऐकायचा आणि जाताना चमचा आणायचं विसरायचा.

बिलाबरोबर सोपेची, म्हणजे बडीशेपेची, वाटी यायची, त्या बशीत टीप ठेवायची. आमच्याकडे हे नव्हतंच. लहानपणी वडील वर्षातून एखाद्या वेळी हॉटेलात न्यायचे, तेव्हा उरलेली चिल्लर सोडून उठायचे आणि त्यालाही आई कुरकुर करायची. किती ठेवायची हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी माझ्या मनाने ठेवत गेले. तिगावच्याला दहा. रामाकोन्याच्याला आधी वीस, मग पन्नास. मनात कधी हिशेब केला नाही, हात आपोआप जायचा.

थंडीच्या दिवसांत एकदा बशी उचलायला तिगावचा आला आणि तिथेच थांबला.

"मॅडम, एक विचारू का?"

त्याचा आवाज मी नीट पहिल्यांदाच ऐकत होते. "विचारा ना."

"माझ्या कामात काही कमी पडून राहिलं का?"

"नाही हो. काहून?"

तो खांद्यावरचं फडकं काढून हातात घेऊन उभा राहिला. "नाही, त्याले तुम्ही पन्नास ठेवता, मले दहा. पैशाचं नाही मॅडम. पण सेठ पाहते. म्हणते, तुह्या हातून गिऱ्हाईक खुश नाही होऊन राहिलं. म्हणून म्हटलं, तुमालेच विचारावं. चुकत असंल तं सुधरवतो."

"तुमचं काम फार चांगलं आहे," मी म्हटलं.

"मंग?"

याचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते समोर उभ्या असलेल्या माणसाला सांगता येण्यासारखं नव्हतं. तो मला तब्येत विचारतो, तुम्ही विचारत नाही, म्हणून, असं कोण सांगेल? मी पर्स उघडली आणि पन्नासची नोट काढली. त्याने ती घेतली नाही. "आजचे भेटले," म्हणाला आणि बशी घेऊन गेला.

दोनेक दिवसांनी मी गेले तर तोच वाढायला होता. टेबल नेहमीसारखं पुसलेलं. पण पाणी ठेवून तो गेला नाही. पडद्याजवळ अवघडून उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, आज ऊन लय होतं."

दिवसभर ढग होते. अंगावर स्वेटर घालून आले होते मी.

"हो," मी म्हटलं.

तो आत गेला, रोटी घेऊन आला. पुन्हा थांबला. "बहीण आली नाही वाटते तुमची दिवाळीत?"

माझा घास हातातच राहिला. बहिणीचं मी त्याला कधी बोलले नव्हते. म्हणजे मी जे दुसऱ्याला सांगायचे ते आत भट्टीपाशी पोचत होतं. कदाचित रामाकोन्याच्यानेच त्याला समजावलं असेल, बाईला असं विचार, असं बोल. त्याच्या कपाळावर घाम आला होता. सराव न करता स्टेजवर ढकललेल्या माणसासारखा तो पुढचा प्रश्न शोधत होता.

"दादा," मी म्हटलं, "तुम्ही बोलायची गरज नाही. तुमाले नाही जमत तं राहू द्या. मले तुमचं काम आवडते."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खांदे खाली सोडले. "मले खरंच नाही जमत मॅडम," म्हणाला. "घरीई नाही जमत."

त्या दिवशी त्याला पन्नास ठेवले. त्याने उचलले.

संत्र्याचा मोसम सुरू झाला तसा रामाकोन्याचा दिसेनासा झाला. आधी वाटलं, सुट्टीवर असेल. मग तिगावच्याला विचारलं. त्याने सांगितलं, सौंसरला नागपूर रोडवर नवीन हॉटेल झालं, तिकडे गेला, गावाजवळ पडते म्हणून. मला सांगून गेला नाही, याचं मला वाईट वाटलं. लगेच मनात आलं, त्याने काहून सांगावं? तरी वाटलंच.

महिन्यातून एखाद्या रविवारी मी सौंसरला जाते. दारं-खिडक्या उघडते, झाडझूड करते, नळाला पाणी येतं का पाहते. त्या रविवारी झाडझूड लवकर उरकली. साडी बदलली आणि पायीच नागपूर रोडवरच्या हॉटेलात गेले. वाटेत मी त्याला काय काय सांगायचं ते ठरवत होते.

तो दारातच होता. नवा लाल शर्ट घातलेला. "या ताई, या! लय दिवसानं!" त्याने खुर्ची मागे ओढली. माझा चेहरा फुलला असणार. मी दाल फ्राय सांगितली. थोड्या वेळाने तो शेवभाजी घेऊन आला आणि मला हसू आलं.

"इथं बरं चाललं का तुमचं?" मी विचारलं.

"एकदम मस्त, ताई."

"तिकडे पांढुर्ण्याला आठवण येते बरं तुमची."

"हो का?" तो पाण्याचा जग ठेवत म्हणाला. "पांढुर्ण्याच्या का तुम्ही?"

मी हो म्हटलं. मागच्या टेबलावर नागपूरकडचं एक कुटुंब येऊन बसलं, गाडीवर बाहेरगावचा नंबर. तो तिकडे वळला. "या काकाजी, या! लय दिवसानं!"

मी शेवभाजी खाल्ली. तिखट होती, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिखटाचंच आहे असं दाखवणं सोपं गेलं. बिल आलं, सोपेची वाटी आली. बशीत किती ठेवायचे, यावर आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखर विचार केला. काहीच ठेवू नये असं एकदा वाटलं. पण तो माझ्याशी खोटं वागला नव्हता. येणाऱ्याला आपुलकीने या म्हणणं हे त्याचं काम होतं आणि ते त्याने कधीच चुकवलं नव्हतं. त्यापलीकडचं सगळं मीच धरून बसले होते. मी पन्नास ठेवले. "पुन्हा या ताई," तो दुरूनच म्हणाला.

सोमवारी पांढुर्ण्याच्या हॉटेलात तिगावच्याने पाणी आणलं. मीच म्हटलं, "तो भेटला काल. सौंसरला."

"कसा हाय?"

"मजेत आहे."

त्याने मान हलवली. पुसलेलं टेबल पुन्हा एकदा पुसलं. मग खाली पाहतच म्हणाला, "तो गेला तसं आत कोणी बोलूनच नाही राहिलं, मॅडम. मी तं बोलत नाही. पण मले ऐकाची सवय पडली होती."

तो आत गेला. दाल आली, बिनतिखटाची. रोटी आली, वाफ निघत असलेली. मी रोज दोन रोट्या खाते. त्या दिवशी तिसरी मागितली आणि ती संपत आल्यावर तो विचारायला आला तेव्हा अर्धी अजून आणायला सांगितली.