उभ्याने बोलणारे सर

“नाव काय तुझं?” सरांनी माझ्या मुलीला विचारलं, आणि मी सांगितलं, “सई.”

“कितवीत?”

“यंदा दहावी झाली,” पुन्हा मीच.

“आवडतं काय?”

“बायोलॉजी.” हेही माझंच. शेजारी बायकोने कोपर मारलं, पण मला वाटलं डास असेल.

सर खिडकीपाशी उभे होते. तिथून ते तरातरा सईसमोर आले आणि म्हणाले, “तुझ्या वडलांना काय व्हायचंय गं?”

“डॉक्टर,” सई म्हणाली आणि फस्सकन हसली. निकाल लागल्यापासून पहिल्यांदाच.

तुम्ही नगरचे असाल तर हे सर तुम्ही पाहिलेच असतील. सावेडीच्या रस्त्याने काखेत छत्री धरून भराभर चालणारे, मागे धापा टाकत दोन-तीन पोरं. पिठाच्या गिरणीवर त्यांची एक खोली होती. तिथे खुर्च्या होत्या, पण त्या आपल्यासाठी. सर स्वतः कधी बसायचे नाहीत. “बसलं की माणूस उपदेश करतो,” म्हणायचे. चहासुद्धा येरझाऱ्या घालतच प्यायचे. निम्मा बशीत, निम्मा सदऱ्यावर.

त्यांनी आयुष्यात काय काय केलं होतं ते सांगायला लागलो तर दमछाक होईल. शाळेत शिकवलं, साखर कारखान्याच्या स्टोअरला होते, मध्येच शिर्डीला एका लॉजच्या काउंटरवर. मी एकदा विचारलं, “सर, एवढं सगळं सोडलंत कशाला?” तर म्हणाले, “मला अजून कळलं न्हाई मला काय व्हायचंय. म्हणून तर पोरांची घाई हाय.” करिअरचा सल्ला देणाऱ्या माणसाने असं बोलावं? मी बायकोकडे पाहिलं. ती सरांकडे कौतुकाने पाहत होती.

त्यांची पद्धत तऱ्हेवाईक होती. चाचणी नाही, प्रश्नपत्रिका नाही. पोराला एखाद्या कामाच्या जागी नेऊन बसवायचं. मोबाईल घरी ठेवायचा, कशाला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. परत आलं की एकच प्रश्न: “काय बघवलं न्हाई?” आवडतं काय, हे विचारायचेच नाहीत. “आवडतं काय विचारलं की पोरं आईबापाला आवडतं ते सांगत्यात,” म्हणायचे. (माझ्याकडे बघून म्हणायचे.) वकील व्हायला निघालेला एक मुलगा कोर्टात बसून आला आणि म्हणाला, “सर, तिथं सगळे नुसते थांबलेत. मला न्हाई थांबवत.” सर खूश! “एक नाव खोडलं! लई बेस झालं!”

इकडे माझी झोप उडाली होती. अकरावीच्या प्रवेशाची तारीख जवळ आलेली. लातूरच्या क्लासला मी सईची जागा धरून ठेवलेली, हॉस्टेलसकट. नात्यात सगळीकडे सांगून झालेलं. श्रीरामपूरचा मेहुणा तर फोनवर “डॉक्टरीणबाई हायेत का?” म्हणूनच सुरुवात करायचा. आणि सईला विचारावं तर एकच उत्तर: “बघू.” जेवताना बघू, टीव्हीसमोर बघू. मी रात्री उठून पंखा कमी-जास्त करत बसायचो.

मग मी एक चलाखी केली. माझ्या मित्राचं हॉस्पिटल आहे, तिथेच तिला बसवा, असं सरांना सुचवलं. म्हटलं, पांढरे कोट बघून पोरगी आपोआप वळेल.

पहिल्या दिवशी आली ती बोलतच. “बाबा, एक्सरेचा बाण भिंतीकडे जातो! एक आजी तीनदा फिरून कॅन्टीनमध्येच पोचल्या. केसपेपरची खिडकी खांबामागे आहे, सगळे वॉचमनला विचारतात, तो बिचारा ओरडतो.” तिने वर्तमानपत्राच्या कडेला दारं, जिने, खांब काढून दाखवले. वरण गार झालं.

“आणि डॉक्टर?” मी विचारलं.

“होते,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मित्राचा फोन. “अरे, तुझ्या पोरीने आमच्या फरशीवर खडूने बाण काढलेत!”

मी तिला घेऊन तडक गिरणीवर. वाटलं, हात न लावायचा नियम मोडला, आता सरच कान उपटतील. सरांनी सगळं ऐकलं आणि जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. हो, बसले.

“लोकं पोचली का मग एक्सरेला?”

“पोचली ना सर. विचारलंच नाही कोणी.”

“अहो पण सर,” मी मध्ये पडलो, “बाण काढणं हे काय करिअर आहे?”

“काढत असंल कुणीतरी. इमारती बांधणारे, आखणारे. मला नीट म्हाईत न्हाई.” ते लगेच उठले, छत्री काखेत. “शोधू. चल गं.” आणि दोघं चालू पडले. मी मागे गिरणीच्या पिठात शिंकत उभा.

आठवडाभराने सईने जेवताना सांगितलं, “बाबा, बायो नको. लातूर नको. गणित घेऊन मी इथेच सायन्सला जाते. पुढे आर्किटेक्चर वगैरे करता येतं, आम्ही दोन ठिकाणी विचारून आलो.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर दुसरं बघेन. पण लातूर नको.”

मी खूप बोललो. एरवी ती गप्प बसून ऐकायची, तशी या वेळी बसली नाही. दर वाक्याला उत्तर. शेवटी सरांनीच तिला समजवावं म्हणून मी स्कूटर काढली. खोलीला कुलूप. गिरणीवाला म्हणाला, “सर राजूरला गेलं की. डोंगरातल्या पोरांना कोन इचारतंय म्हनले. पिशवी आन् छत्री, दुसरं सामान हुतंच कुठं?”

फोन लावला. पलीकडे वारा भणाणत होता. मी घाईघाईने सगळं सांगितलं.

“तिनं सांगितलं न्हवं तुमाला? तोंडावर?”

“सांगितलं, पण...”

“मग मला कशापायी फोन?” रेंज गेली. परत लावला, लागला नाही. पुढेही कधी धड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सईने सांगितलं तसा प्रवेश घेतला आणि लातूरला नाही म्हणून कळवलं. संध्याकाळी गॅलरीत येरझाऱ्या घालत होतो. बायको मेथी निवडत बसली होती.

“आता विचारायलाही कोणी राहिलं नाही,” मी म्हणालो. “उद्या पोरगी म्हणाली, बाबा, माझं चुकलं, तर?”

“म्हणू दे की,” बायको म्हणाली. “आजवर ती काही म्हणत तरी होती का तुम्हाला?”