भाऊंचा ब्लॉग, दुसऱ्यांदा

फोटो सगळे आले होते. मजकूर मात्र एकाही पोस्टचा नव्हता.

वसुधाबाई माझ्या पाठीमागे उभ्या होत्या. शाळेत त्यांनी मला गणित शिकवलंय. त्या पाठीमागे उभ्या राहिल्या की आजही मला उत्तर चुकल्यासारखं वाटतं. त्या दिवशी ते खरोखरच चुकलं होतं.

"संदेश, पोस्टी खंय गेल्यो?"

"बघतो बाई," मी म्हटलं. आमच्या धंद्यात "बघतो" म्हणजे "माझीही बोबडी वळलीय."

पेडण्याच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जोडीला वेबसाइटही करून देतो. बाई रिटायर झाल्या आणि वडिलांच्या आठवणींचा ब्लॉग काढायचा म्हणून माझ्याकडे आल्या. त्यांच्या वडिलांना सगळा गाव भाऊ म्हणतो. वय सत्त्याऐंशी. उमेदीत ते दशावतारात स्त्रीपार्ट करायचे, म्हणजे राण्या, देवी, सगळ्या बायकी भूमिका त्यांच्याकडे. भाऊ सांगणार, बाई टाइप करणार. भाऊंची अट एकच होती: सगळं ऐकून ते स्वतः हो म्हणेपर्यंत बाहेर कोणाला दिसता कामा नये.

म्हणून मी त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर वर्डप्रेस हे ब्लॉगचं सॉफ्टवेअर लोकल इन्स्टॉल करून दिलं. एरवी ब्लॉग दुसऱ्या कुठल्यातरी सर्व्हरवर असतो. लोकल म्हणजे तो सर्व्हर आपल्याच मशीनवर चालवायचा. ब्लॉग दिसतो अगदी खरा, पण फक्त त्याच मशीनवर. रंगीत तालीम म्हणा.

चार महिन्यांत चौदा पोस्ट झाल्या. मग मशीन रडतखडत चालायला लागलं. बाईंनी बोलावलं. मी ब्लॉगचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला, मशीन फॉरमॅट करून पार कोरं केलं, विंडोज नवीन टाकलं, लोकल सर्व्हर पुन्हा बसवला आणि फोल्डर जागेवर ठेवला. वर बाईंच्या हातची सोलकढीही प्यायलो.

चूक फोल्डरपाशी झाली. वर्डप्रेसच्या फोल्डरमध्ये फोटो असतात, डिझाइन असतं. लिहिलेला मजकूर तिथे नसतोच. तो डेटाबेसमध्ये जातो, आणि डेटाबेसची जागा वेगळी. घर बदलताना पलंग-कपाटं नेली आणि दागिन्यांचा डबा मागेच राहिला, तसं झालं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. धंद्यातली पहिली गोष्ट आहे ती. "घरातलाच तर ब्लॉग" म्हणून मी गाफील राहिलो, दुसरं काही नाही.

डिस्क दुकानात नेऊन दोन दिवस रिकव्हरी सॉफ्टवेअर लावलं. बाईंच्या भाचीच्या लग्नाचे फोटो तीनदा मिळाले. पोस्ट एकही मिळाली नाही.

तिसऱ्या दिवशी मोटारसायकल काढली आणि सांगायला गेलो. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. टाइप काय, पुन्हा करता येतं. पण सत्त्याऐंशीव्या वर्षी माणूस चार महिन्यांचं सगळं पुन्हा सांगेल? आणि त्याला सांगता आलंच नाही तर? मला स्वतःची लाज वाटत होती.

भाऊ सोप्यावर बसले होते.

"भाऊ, सगळां गेला. चूक माझी."

"कदेल घे, बस," खुर्ची दाखवत ते म्हणाले. "दशावतारात लिवलेला कधी होता काय रे? आज एक बोलायचा, फाल्यां दुसरा. परत सांगतंय. पण टाइप तू करायचा. शिक्षा!"

दशावताराला संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद उभ्या उभ्या रचायचे. भाऊंनी आयुष्यभर तेच केलेलं. त्यामुळे रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या सोप्यावर, आणि भाऊ ताजेतवाने. पहिल्या खेपेला मंचावरून पाय घसरून पडलेला राक्षस या खेपेला भाऊंनी ढकलला.

"बाबा, पयल्या खेपेक तो आपणच पडललो!" बाई आतून ओरडल्या.

"तेव्हा तो जितो होतो. गेल्या म्हयन्यात वारलो. आता खरा सांगूक हरकत नाय."

अकरा पोस्ट अशा हसतखेळत झाल्या. बारावी होती लुगड्याची. दशावतारात ज्याने त्याने आपला साज आपण आणायचा. भाऊंना पहिल्यांदा राणीचं काम मिळालं, तेव्हा त्यांच्या बायकोने लग्नातलं जरीचं लुगडं हसत हसत त्यांच्या पेटीत ठेवलं, अशी ती आठवण. बाईंनी मला वाचून दाखवली होती. सगळ्यांत गोड पोस्ट तीच.

भाऊंनी सुरुवात केली आणि थांबले. मी बोटं कीबोर्डवर ठेवून वाट बघत राहिलो.

"लुगडा तिणा दिल्यान नाय," ते म्हणाले. "ती म्हायेराक गेल्ली. मी न इचारता काढून घेतलंय. जत्रेक इली तेव्हा तिणा ता माझ्या आंगार बघल्यान. काय एक बोलाक नाय. पण परत कधी ता लुगडा नेसाक नाय."

"भाऊ, हे लिहू?"

"लिव."

बाई दारात येऊन उभ्या होत्या.

"माका म्हायत होता," त्या म्हणाल्या. "आयेन सांगलेला."

"मगे पयल्या खेपेक मी खोटा सांगलंय, ता गप टाइप कसा केलंस?"

"तुमी आपणहून सांगतास काय नाय, ता बघीत होतंय."

भाऊंनी मान खाली घातली. बाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी टाइप करत राहिलो. डोळे भरून आले होते. दोन ओळींत चार चुका केल्या, आणि बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चुका काढल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात चौदाही पोस्ट भाऊंनी ऐकल्या. लुगड्याची दोनदा वाचून घेतली, मग हो म्हणाले. मी ब्लॉग इंटरनेटवर चढवला, डेटाबेससकट.

फोल्डर घेतला म्हणजे बॅकअप झाला असं नाही, डेटाबेस वेगळा घ्यावा लागतो, हे मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगतो. त्या चुकीने एका घरात काय भलं झालं, ते मात्र सांगत नाही. दर वेळी नशिबाला असे भाऊ येणार नाहीत.