कवडीचा काळा करकोचा

माझ्या या ब्लॉगचा नियम जुन्या वाचकांना ठाऊक आहे. जे स्वतः पाहिलं, स्वतः खाल्लं आणि ज्या रस्त्यावर स्वतःची कंबर मोडून घेतली, तेवढंच लिहायचं. ऐकीव माहिती द्यायला बाकीचं इंटरनेट आहेच. यंदाची सहल मात्र मी न पाहिलेल्या एका पक्ष्यापायी निघाली, आणि पुण्याची हद्द फारशी न ओलांडता दोन दिवसांत संपली.

झालं असं. माझे पप्पा पहिल्यापासून पक्षी बघतात, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तर रोज. थंडीच्या दिवसांत एकदा ते एकटेच बस बदलत बदलत कवडीला गेले आणि परत आले ते चपला न काढता थेट स्वयंपाकघरात. "काळा करकोचा पाहिला! काळा!" पुण्याच्या आसपास हा पाहुणा क्वचित दिसतो. उंच, पोट पांढरं, बाकी अंग आणि मान काळी, चोच आणि पाय लालभडक. पप्पांनी त्यांच्या पक्षीमित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर उत्साहानं लिहिलं. अॅडमिनचं उत्तर लगेच आलं, "फोटो?"

पप्पांकडे कॅमेरा नाही. मग पुढचा मेसेज आला: "कांडेसर असावा. उजेडाकडे तोंड करून पाहिलं की सगळंच काळं दिसतं, काका. डोळे एकदा तपासून घ्यावेत. आपुलकीने सांगतोय." पुढे हात जोडलेले. कांडेसर म्हणजे काळ्या करकोच्याचा भाऊबंदच, पण मान पांढरी. तो आपल्याकडे नेहमी दिसतो. ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी त्या मेसेजला अंगठे दिले. अंगठा द्यायला काय जातं?

पप्पांनी ग्रुप सोडला आणि दुर्बीण कपाटावर ठेवून दिली. मोतीबिंदूचं ऑपरेशन कधीच झालंय, डॉक्टर म्हणतात नजर उत्तम आहे. पण पप्पांनी सकाळी बाहेर पडणंच बंद केलं. खिडकीतून दिसणाऱ्या घारीकडेही बघेनात. एकदा जेवताना आपणहून म्हणाले, "कांडेसरच असेल गं. वय झालं की असं होतं." मला अॅडमिनचा राग आला होताच, पण या वाक्यानंतर मला राहवेना. शनिवार-रविवार मोकळे होते. मी मैत्रिणीचा कॅमेरा मागून आणला आणि जाहीर केलं, "पप्पा, आपण ट्रिपला चाललोय. पाषाण, वेताळ टेकडी आणि कवडी. फोटो मी काढणार."

"कशाला पेट्रोल जाळतेस," ते म्हणाले. पण कानटोपी घातली.

शनिवारी पहाटे कात्रजहून स्कूटरवर निघालो. नवले पूल, वारजे, चांदणी चौक हा रस्ता त्या वेळी माणसाळलेला असतो. आठनंतर गेलात तर तुमचं तुम्ही बघा. थंडीत बायपासवर हातमोजे हवेतच. पाषाण तलावाच्या कडेला झाडीतून पायवाट आहे. सूर्य नुकता वर येत होता, हळदी-कुंकू बदकं पाण्यात फिरत होती (चोचीच्या टोकाला पिवळं आणि कपाळाशी लाल, म्हणून हे नाव), आणि जांभळ्या पाणकोंबड्या जलपर्णीवरून अशा चालत होत्या, जणू सोसायटीची मीटिंग संपवून निघाल्यात. पक्षी बघायला पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. दुर्बीण नसली तरी चालतं, भडक कपडे मात्र नकोत.

पप्पांनी बऱ्याच दिवसांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. "तो बघ, राखी बगळा. त्या खुंटावर."

मी कॅमेऱ्यातून बघितलं. खुंटावर सिमेंटची रिकामी गोणी अडकली होती. मी नुसता कॅमेरा खाली घेतला, तेवढ्यावरूनच त्यांना कळलं. त्यांनी पुन्हा बघितलं, दुर्बीण खाली घेतली आणि काचा पुसत राहिले. "बघ," ते म्हणाले, "लोक उगाच बोलत नाहीत." गोणीला बगळा तर मीही म्हणाले असते, हे मी तीन-चार वेळा सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

संध्याकाळी वेताळ टेकडीवर गेलो. जुन्या खाणीच्या बाजूची झुडपं हिवाळ्यात बघण्यासारखी असतात. तिथे मला स्वर्गीय नर्तकाचा नर दिसला. पांढराशुभ्र, डोकं काळं, आणि मागे हातभर लांब दोन रिबिनी. या फांदीवरून त्या फांदीवर गेला तरी शेपूट अजून मागच्याच फांदीवर. माझ्या तोंडून "आई गं!" निघालं. पप्पा दगडावर बसून होते, दुर्बीण पिशवीत. लहानपणी मला सगळे पक्षी त्यांनीच ओळखायला शिकवले. म्हणून मी मुद्दाम विचारलं, "पप्पा, हा कोणता?"

"तूच सांग," ते म्हणाले. "मला विचारू नकोस."

मला रडूच आलं. टेकडीवर फिरायला आलेल्या एक बाई थांबून म्हणाल्या, "काही हरवलंय का?" मी म्हटलं, नाही. बाई म्हणाल्या, "मग वाटेतून बाजूला व्हा." पुणं पुण्यासारखंच वागलं आणि मला बरं वाटलं.

रविवारी कवडी. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: हडपसरहून सोलापूर रस्त्याला लागा, मांजरी फाटा मागे टाका आणि जुन्या टोलनाक्यानंतर डावीकडे वळा. वळण चुकतंच, तेव्हा आधी वेग कमी करा. मग अरुंद रस्ता, रेल्वेचे रूळ, थोडा ऊस, आणि समोर बंधाऱ्यावरून फेसाळत येणारी मुळा-मुठा. तिकीट नाही, फाटक नाही. वास आहे. आपण पुणेकर जे जे नदीत सोडतो ते सगळं इथे पुन्हा भेटतं, त्यामुळे नाकाला रुमाल असू द्या. आणि तरीही या पाण्यावर हिवाळ्यात पक्ष्यांची जत्रा असते. नारिंगी चक्रवाकांच्या जोड्या, गुलाबी पायांचे शेकाटे, शेपटी हलवणारे धोबी, वरून सपकन पाण्यावर येणारे नदी सुरय. घाणीत हे एवढं सुंदर कसं टिकतं ते मला कळत नाही, पण टिकलंय हे खरं.

फाट्याजवळच्या टपरीवर निळा झेंडा होता. पप्पांनी सवयीनं "जय भीम" म्हटलं आणि आमच्या चहात आलं जरा जास्तच पडलं. पलीकडे एकजण म्हशीसाठी कापलेल्या गवताचा भारा सायकलला बांधत होते. मी विचारलं, "काका, इथे नदीवर मोठा काळा पक्षी येतो का?"

"लई येत्यात की."

"मान काळी असते की पांढरी?"

"मान कोन बगतंय ताई? मोठं असतंय येवढं खरं." पप्पा फिसकन हसले. दोन दिवसांतलं ते पहिलं हसू.

नदीवर धुकं होतं. आम्ही काठाकाठानं पूर्वेकडे चालत होतो, सूर्य थेट डोळ्यांवर. आणि बंधाऱ्याच्या पलीकडे, उथळ पाण्यात, तो उभा होता. उंच, काळाकुट्ट, पाय लाल. कॅमेऱ्यातून बघितलं: मान काळी!

"पप्पा! काळाच आहे! बघा ना, काळाच!" मी फटाफट फोटो घेत सुटले. मनातल्या मनात ते ग्रुपवर टाकूनही झाले, आणि खाली काय खोचक लिहायचं तेही ठरलं.

पप्पांनी दुर्बीण लावली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "थांब. उजेड पाठीशी घेऊ."

काठावरच्या प्लास्टिकच्या चिंध्यांतून वाट काढत, वाकून, हळूहळू आम्ही मोठा वळसा घातला. पक्षी उडेल म्हणून मी श्वाससुद्धा जपून घेत होते. शेवटी एका बाभळीपाशी सूर्य आमच्या पाठीशी आला. पक्ष्यानं मान वर केली.

कापसासारखी पांढरी.

मला इतकं वाईट वाटलं की तोंडातून निघून गेलं, "खाली थोडी काळी आहे ना, पप्पा? धुक्यामुळे पांढरी दिसत असेल."

"पांढरी आहे," पप्पा म्हणाले. "माझ्यासाठी रंगवू नकोस तिला. कांडेसर आहे हा." आवाजात दुःख नव्हतं. ते अजून बघतच होते. "आणि चोच बघ याची. काळपट, फक्त कडेनं लालसर. त्याची पूर्ण लाल होती. मिरचीसारखी."

"कोणाची?"

"त्या दिवशीच्याची." त्यांनी दुर्बीण खाली घेतली. चेहरा उजळला होता. "अगं, त्या दिवशीही मी असाच वळसा घालून इकडे आलो होतो. ह्याच बाभळीपाशी उभा होतो. उजेड पाठीशी होता माझ्या! मान काळी होती. उन्हात हिरवी-जांभळी चमकत होती. मी विसरूनच गेलो होतो. लोक बोलले आणि मी आपला त्यांचंच खरं धरून बसलो."

"मग ग्रुपवर हे का नाही सांगितलंत?"

"हे विचारलं कुठं कोणी? फोटो विचारला."

काळा करकोचा आम्हाला दिसला नाही. ऊन चढेपर्यंत थांबलो. पप्पा मात्र सुटले होते. तो बघ थापट्या, ती बघ तुतारी, अगं पलीकडे चित्रबलाक. पलीकडच्या खडकावर त्यांना पुन्हा एक गोणी दिसली. "ही गोणीच आहे," त्यांनी मोठ्यानं जाहीर केलं.

परतताना हडपसरला मिसळ खाल्ली. तिखट बेताचं सांगा, नाहीतर पुढचा रस्ता अश्रूंतून दिसतो. पेट्रोल, चहा, मिसळ धरून दोन दिवसांचा दोघांचा खर्च हजाराच्या आत बसला. मिसळ येईपर्यंत पप्पांनी कॅमेऱ्यातला कांडेसरचा उन्हातला फोटो माझ्याकडून फोनवर घेतला आणि एका बोटानं टाइप करत अॅडमिनला पाठवला: "आज कवडी. हा कांडेसर. मागच्या वेळी पाहिला तो हा नव्हता. उजेड पाठीशी घेऊन पाहिला होता. मान काळी, चोच पूर्ण लाल. फरक मला कळतो."

आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. 'टायपिंग' दिसायचं, जायचं, पुन्हा दिसायचं. पावाची दुसरी जोडी संपली तेव्हा उत्तर आलं.

"चोच पूर्ण लाल म्हणजे विषय संपला. हे आधी लिहायचं ना. पुढच्या रविवारी मी लेन्स घेऊन येतो. चहाचे पैसे ज्याचे त्याने."

"माफी मागितली बघ," पप्पा खुशीत म्हणाले. मला त्यात माफी कुठे दिसली नाही, पण पुणेरी माफी ओळखायलाही सराव लागत असावा.

घरी आल्यावर दुर्बीण कपाटावर गेली नाही. दारामागच्या खिळ्याला, स्कूटरच्या किल्लीशेजारी लटकली आहे. पप्पांनी गजर लावून ठेवलाय, आणि तो रविवार यायच्या आधीच रोज पहाटे वाजतो. मी रोज वैतागते आणि रोज मला बरं वाटतं.

आता ज्या माहितीसाठी तुम्ही इथवर वाचलंत ती. हिवाळ्यात कवडीला जा. बंधाऱ्यापासून काठानं पूर्वेकडे चाला, बाभळ लागली की वळा आणि सूर्य पाठीशी घ्या. तिथे काळा करकोचा येतो. मी स्वतः तो अजून पाहिलेला नाही, आणि स्वतः न पाहिलेलं लिहायचं नाही हा माझा नियम आजही कायम आहे. तरीही हे खात्रीनं लिहितेय. माझ्या पप्पांनी पाहिलाय.